पाचशे फेऱ्या, शंभर वाल

ठाण्यातलं जुलै २०२० चं लॉकडाऊन १९ तारखेला संपलं आणि दोन-तीन दिवसांत मी नौपाड्यातलं क्लिनिक पुन्हा उघडलं. तोंडावर मास्क, त्यावर फेसशिल्ड, आणि दोन पेशंटच्या मध्ये अर्धा तास सॅनिटायझर मारत बसायचं. फिजिओथेरपी हे हात लावून करायचं काम, आणि तेव्हा हात लावायचीच सगळ्यांना धास्ती.

त्या आठवड्यात एक काका आले. वय सत्तावन्न, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती, घोडबंदर रोडला मानपाड्याच्या पुढे एका टॉवरमध्ये राहणारे. उजवा पाय जरा जपून टाकत होते. हातातल्या कापडी पिशवीत बूट होते, कारण धावणाऱ्या पेशंटना मी फोनवरच सांगते, जुने बूट घेऊन या. माणूस किती धावतो याबद्दल थापा मारेल, बूट मारत नाहीत.

काकांचे बूट टेबलावर ठेवले आणि मी बघतच राहिले. दोन्ही डावीकडे कलले होते. एरवी बूट जोडीने झिजतात, म्हणजे डाव्याची बाहेरची कड गेली तर बहुतेक उजव्याचीही बाहेरचीच. इथे डाव्याची बाहेरची गेली होती आणि उजव्याची आतली.

"काका, धावता कुठे?"

"पार्किंगमध्ये."

काकूंना दमा. त्यामुळे मार्चपासून सोसायटीच्या गेटबाहेर पाऊल टाकायचं नाही, हे काकांनी स्वतःच ठरवलेलं. येऊर, उपवन, सगळं बंद. उरलं ते इमारतीखालचं पार्किंग, एक फेरी १८० मीटरची, काँक्रीटवर. वर स्लॅब असल्यामुळे घड्याळाला जीपीएस मिळेना, म्हणून वॉचमनच्या स्टुलावर दोन वाट्या ठेवल्या. पाच फेऱ्या झाल्या की एक वाल या वाटीतून त्या वाटीत.

"आणि दिशा?"

"सेक्रेटरींनी बोर्ड लावलाय ना. माणसं समोरासमोर येऊ नयेत म्हणून सगळ्यांनी एकाच दिशेने चालायचं. बाण काढलेत."

"पण तुम्ही पहाटे चारला धावता. तेव्हा समोरून कोण येणार?"

काका जरा विचारात पडले. "नियम तो नियम," म्हणाले. बँकेतली तीस वर्षं अशी कुठे कुठे डोकावतात.

तर गेले चार महिने काका रोज फक्त डावीकडे वळत होते. वळताना शरीर आत झुकतं आणि दोन्ही पायांवर सारखा भार येत नाही. दुखत होतं उजव्या नडगीच्या आतल्या कडेला. बोटाने दाबत खाली आले तर एका ठिकाणी, जेमतेम एका पेराएवढ्या जागेत, काकांनी श्वास रोखला. नडगीभर पसरलेलं दुखणं असतं तेव्हा मी फारशी घाबरत नाही. एका ठिपक्यावर बोट ठेवता येतं तेव्हा घाबरते. त्या पायावर एक उडी मारायला सांगितली, तर काकांनी टाच उचलली आणि तशीच परत टेकवली. रात्रीही ठणकतं म्हणाले. स्ट्रेस फ्रॅक्चरचा, म्हणजे सततच्या भाराने हाडाला पडणाऱ्या बारीक चिरेचा संशय मला इथेच आला. ऑर्थोपेडिककडे पाठवलं. एक्स-रे साफ, जो सुरुवातीला बरेचदा साफच येतो. एमआरआयमध्ये चीर दिसली.

पण मला जे लागलं ते चिरेमुळे नाही. त्याच पहिल्या भेटीतलं पुढचं बोलणं सांगते.

काका जून २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स ही रेस धावून आले होते. नव्वद किलोमीटरच्या आसपास अंतर, बारा तासांची मुदत. बारा तास भरले की एक अधिकारी धावणाऱ्यांकडे पाठ करून बंदूक झाडतो, त्यानंतर एका सेकंदाने आलात तरी मेडल नाही. पहिल्यांदा पूर्ण करणाऱ्याने लगेच पुढच्या वर्षीही पूर्ण केली, तर त्याला 'बॅक टु बॅक' नावाचं वेगळं मेडल मिळतं. काकांचा डोळा त्यावर होता. २०२० ची तारीख १४ जून. ती आधी पुढे ढकलली गेली, मग रद्दच झाली.

"मग १४ जूनला मी इथेच धावलो," काका म्हणाले. "पाचशे फेऱ्या. अकरा तास बावन्न मिनिटं. वॉचमनला सांगून ठेवलं होतं, बारा तास झाले की पाठ कर आणि शिट्टी मार. मी आधीच आलो, तरी त्याने वेळेवर शिट्टी मारलीच."

"आणि १५ जूनला?"

"पहाटे चारला खाली. मेडल कुठे मिळालं होतं?"

मी विचारलं, हे कुणी सुचवलं. काका माझ्याकडे बघून हसले. "तुम्हीच की, मॅडम."

जूनच्या सुरुवातीला एका रनिंग ग्रुपसाठी मी झूमवर बोलले होते. बॉस्टन मॅरेथॉन १८९७ पासून पहिल्यांदाच रद्द झाली होती, आपल्या पावसाळ्यातल्या रेसचंही काही खरं नव्हतं, आणि रेसच नाही तर उठायचं कशाला, असं जो तो विचारत होता. मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, स्वतःची तारीख ठरवा, घरीच बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, छापा, पण नेम चुकवू नका. खूप अंगठे आले होते स्क्रीनवर. आडव्या खिडकीत बसलेल्या चाळीस जणांतला एक आधीच दोन महिने पूर्ण ताकदीने धावतोय, हे मला दिसलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

रेस माणसाला पळवते हे सगळ्यांना माहीत असतं. ती त्याला बसवतेही. रेसच्या दोन-तीन आठवडे आधी अंतर कमी करायचं, झाल्यावर विश्रांती घ्यायची. भार पडला की हाड आधी थोडं झिजतं, मग भरून येतं, आणि भरून यायला सवड लागते. काकांच्या वेळापत्रकातून रेस गेली, तिच्याबरोबर सवडही गेली. रेस पुढे गेल्यावर "तयार राहायला हवं" म्हणून एप्रिलमधलं अंतर त्यांनी मे, जून, जुलै तसंच रेटलं.

"गेल्या वर्षी कॉम्रेड्स धावून डर्बनहून आल्यावर काय केलं होतंत?" मी विचारलं.

"काही नाही. बूट महिनाभर माळ्यावर. हिला घेऊन गुहागरला गेलो."

मी कागद घेतला, वर '१५ जून' लिहिलं आणि खाली आठ आठवड्यांच्या चौकटी आखल्या. धावणं शून्य. पहिले काही आठवडे फक्त बसून करायचे व्यायाम, पुढचं डॉक्टरांशी बोलून. काकांनी चौकटी दोनदा मोजल्या. "म्हणजे माझी १४ जूनची रेस तुम्ही धरलीत?"

"धरली. शिट्टी वाजली होती ना?"

काका काही बोलले नाहीत. कागदाची घडी करून बुटांच्या पिशवीत ठेवली.

एमआरआय झाल्यावर काकूंचा फोन आला. बूट माळ्यावर गेले, खरंच गेले, त्यांनी स्वतः शिडी धरली होती. श्रावण लागलेला, म्हणून स्टुलावरचे वाल त्यांनी वर आणून भिजत घातले होते. "शंभर वालांचं कसलं हो बिरडं होतंय," म्हणाल्या, "पाव किलो आणखी घालावे लागले. आणि सोलायला यांनाच बसवलंय."