चेस थंड होता तेव्हाच मी त्याला घेतला

न्यू जर्सीत आमच्या ऑफिसची फँटसी फुटबॉल लीग आहे. म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या खऱ्या खेळाडूंची प्रत्येकाने आपली टीम बनवायची, आणि ते मैदानावर जसे खेळतील तसे आपल्याला गुण. २०२३ च्या मोसमात मी त्यात रिसीव्हर (पास झेलणारा) जमार चेसला ट्रेड म्हणजे अदलाबदल करून घेतलं, तेव्हा चार सामने होऊन त्याच्या नावावर एकही टचडाउन (चेंडू समोरच्या टोकाच्या पट्ट्यात नेऊन केलेला स्कोअर) नव्हता. त्याची सिनसिनाटी बेंगॉल्स चारपैकी तीन हरली होती, टेनेसीकडून तर २७-३.

थंड पडलेल्या प्रत्येक स्टारमागे मी जात नाही. वय झालेला किंवा संघातली जागा गमावलेला खेळाडू स्वस्तातही नको. चेंडू त्याच्याकडे येतोय का आणि घोडं नेमकं कुठे अडलंय, एवढं बघायचं. इथे कारण उघड होतं. चेसला पास फेकणारा क्वार्टरबॅक जो बरो, त्याची पोटरी जुलैच्या सरावातच दुखावली होती आणि पहिल्या सामन्यात त्याच्या पासेसना मिळाले जेमतेम ८२ यार्ड. पोटरी आज ना उद्या बरी होणारच. शिवाय रॅम्स संघाविरुद्ध चेसकडे १५ पास आले, त्याने १२ झेलले, १४१ यार्ड काढले. आमच्याकडे प्रत्येक झेलाला एक गुण असतो, म्हणजे पाया शाबूत होता.

मग समोरच्याची टीम नीट वाचली. ज्याच्याकडे चेस होता, त्याचाच रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) निक चब दुसऱ्या आठवड्यात गुडघ्याच्या दुखापतीने मोसमाबाहेर गेला होता. त्याला रनिंग बॅक हवाच होता. माझ्याकडे मायामीचा रनिंग बॅक डेव्हॉन एचेन होता. मायामीने डेन्व्हरवर ७० गुण चढवले त्या दिवशी त्याने २०३ यार्ड धावून चार टचडाउन केले होते. असा मोहरा देताना जीव खालीवर झाला, खरं सांगते. पण फुटकळ ऑफर पाठवली की माणूस दुखावतो आणि पुढचं बोलणंच खुंटतं. चेसला नावं न ठेवता सरळ लिहिलं, "तुला बॅक हवाय, मला रिसीव्हर." त्याने वर आणखी एक रिसीव्हर मागितला, तोही दिला.

लीगमधल्या काहींनी कुरकुर केली, पण रविवारच्या आत मंजुरी मिळाली. त्याच रविवारी ॲरिझोनाविरुद्ध चेसने १५ झेल, १९२ यार्ड, तीन टचडाउन केले. ५२.२ गुण!

नोव्हेंबरात बरोच्या मनगटाला दुखापत होऊन त्याचा मोसम संपला. तेव्हा चेसला विकून टाक, असं सगळे सांगत होते. मी ठेवला. डिसेंबरात बदली क्वार्टरबॅक जेक ब्राउनिंगच्या पासेसवरही त्याने जॅक्सनव्हिलविरुद्ध १४९ यार्ड काढले.