केळं मागायला गेले आणि मासा मागितला

मी मूळची सांगलीची. गेली चार वर्षं चेन्नईत, शोलिंगनल्लूरला राहते. बसवरच्या इंग्रजी पाटीत 'शो'नंतर ल आहे, म्हणून मीही बिनधास्त ल म्हणायचे. आमच्या खालच्या मजल्यावर तमिळ शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई राहतात, सगळी बिल्डिंग त्यांना 'टीचर' म्हणते. त्यांनी एकदा लिफ्टमध्येच टोकलं, "तो ल नाही हं."

"मग ळ असेल! आमच्या मराठीत आहे की," मी म्हटलं आणि फुशारकीने दोनतीनदा म्हणूनही दाखवला. हिंदीवाल्यांना जमत नाही, आपल्याला जमतो, ही ऐट आपल्या सगळ्यांच्यात असतेच.

टीचर म्हणाल्या, "केळं मागून दाखव." मी म्हटलं, "वाळैप्पळम." त्या खो खो हसल्या. वाऴै म्हणजे केळ, आणि वाळै नावाचा चक्क मासा असतो. मी माशाचं फळ मागत होते.

देवनागरीत शोलिंगनल्लूर आणि वाऴै मधल्या या तमिळ अक्षरासाठी ळ खाली टिंब देतात: ऴ. त्या टिंबानेच घात केला. वाटतं, ळ चाच कुणी चुलतभाऊ असेल. प्रत्यक्षात आपला ळ म्हणताना जिभेचं टोक मागे वळून टाळूला लागतं, तिथून फटकन खाली येतं आणि हवा जिभेच्या दोन्ही कडांनी जाते. ऴ ला टोक तसंच मागे वळवायचं, पण टेकवायचं नाही. हवा मधूनच जाऊ द्यायची. टीचरांनी मला 'आ' म्हणायला लावलं आणि आवाज न थांबवता जीभ हळूहळू मागे वळव म्हणाल्या. टाळूला लागली की "ए!" बरोबर असेल तर श्वास संपेपर्यंत ताणता येतो. माझा ळ ताणायला गेलं तर नुसतं ळळळळ होतं. आठवडाभर मी भांडी घासताना हेच करत होते. नवऱ्याला वाटलं दाढ दुखतेय.

म्हणजे हा ऴ मुळात र च्या घरातला. हे माझं संशोधन नाही. तोल्काप्पियम या जुन्या तमिळ व्याकरणात र आणि ऴ एकाच सूत्रात बसवलेत: जिभेचं टोक वर वळून टाळूला नुसतं चाटून गेलं की हे दोन्ही उपजतात. ल आणि ळ चं सूत्र वेगळं. टीचरांनी ते म्हणून दाखवलं तेव्हा मला एकदम इथल्या किनाऱ्याचं नाव, कोरोमंडल, आठवलं. ते मुळात चोऴमंडलम्, म्हणजे चोऴ राजांचा मुलूख. आपण त्या राजांना चोळ म्हटलं, युरोपियनांच्या लिखाणात र आला. जुन्या कन्नडमध्येही हे अक्षर होतं, पुढे त्याचा कुठे ळ झाला, कुठे र. मल्याळममध्ये मात्र अजून ठणठणीत आहे. पाऊस मऴ, नदी पुऴ, सात म्हणजे एऴ. कोझिकोडमधला आपला झ हा रोमन स्पेलिंगमधल्या झेडएचचा प्रताप, तिथे झ कुठेच नाही.

माझी भाची न्यू जर्सीत वाढलीय. तिला व्हिडिओ कॉलवर म्हणायला लावलं, तर पहिल्याच फटक्यात जमलं! अमेरिकेत कित्येकजण र म्हणताना जीभ अशीच मागे वळवतात. फक्त ओठांचा चंबू करू नकोस, एवढंच सांगावं लागलं. बीजिंगच्या चिनी बोलीतला र सुद्धा याच्या बराच जवळचा, जरासा घासून येणारा. आणि तमिळनाडूपासून एकच राज्य पलीकडच्या शहरात वाढलेली मी, ळ घेऊन अडून बसलेली.

शेवटी तयारीनिशी कोपऱ्यावरच्या फळवाल्या अक्कांकडे गेले. जीभ वळवली, टेकू दिली नाही, आणि एकदम खणखणीत "वाऴैप्पऴम्!" म्हटलं.

अक्कांनी घडातली सहा केळी तोडली आणि शेजारच्या फुलवालीला ओरडून सांगितलं, "हिला वाळप्पळम पाहिजे."

ळ. स्वच्छ, आपल्या सांगलीचा ळ. मी टीचरांना सांगितलं तर म्हणाल्या, "निम्मं गाव तसंच बोलतं. पण तू नाही बोलायचं."