नागपूरहून अमेरिकेत: मल्टिस्टेट लायसन्सचा घोळ

एनक्लेक्स (अमेरिकेत नर्स म्हणून लायसन्ससाठीची परीक्षा) पास झालं की अमेरिकेत कुठल्याही राज्यात काम करता येतं, हा समज आधी डोक्यातून काढा. मल्टिस्टेट लायसन्स, म्हणजे अनेक राज्यांत चालणारं नर्सिंग लायसन्स, तुम्ही जिथे कायम राहता ते कॉम्पॅक्ट राज्य (एकमेकांचं लायसन्स मानण्याच्या करारातलं राज्य) देतं. सीताबर्डीत बसून ते मिळत नाही. सोशल सिक्युरिटी नंबर हवा, राहण्याचा पुरावाही, बहुधा तिथलं ड्रायव्हिंग लायसन्स. व्हिसावर असताना निवासाच्या रकान्यात भारत लिहिलंत, तर एकाच राज्याचं लायसन्स हातात पडतं. दुसऱ्या कॉम्पॅक्ट राज्यात कायमचं बिऱ्हाड हलवलं, तर ६० दिवसांत नवा अर्ज. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क या करारात नाहीतच.

खरी गोची घरचीच: गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मधे वडिलांचं नाव; पासपोर्टवर सासरचं. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीतलं नाव पासपोर्टशी जुळवून घ्या, मगच कागद तिकडे पाठवा.