उतारा कोणाचा, वाक्य कोणाचे

आज नांदेडला एम.ए.च्या विद्यार्थ्यांच्या टिपणवह्या पाहिल्या. विषय १९७२ चा दुष्काळ. एका मुलीने ग्रंथांतील शब्दशः उतारे अवतरणचिन्हांत, पृष्ठक्रमांकासह डाव्या पानावर आणि स्वतःचे विचार उजव्या पानावर लिहिले होते. त्यामुळे रोजगार हमीविषयीचे कोणते वाक्य ग्रंथकाराचे आणि कोणते तिचे, हे पुढेही ओळखता येईल. बहुतेकांच्या वह्यांत मात्र दोन्ही एकत्र कालवलेले होते, आणि वाङ्मयचौर्य हेतू नसतानाही बहुधा तिथूनच सुरू होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधाच्या इतरांच्या लेखनाशी असलेल्या १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, ६० टक्क्यांपुढे विद्यार्थ्याची नोंदणीच रद्द होते. म्हणून मुले नुसते शब्द फिरवून टक्केवारी उतरवत बसतात, हे मला खटकते. पुस्तक मिटून लिहावे, मग मुळाशी ताडून पाहावे, हे त्यांना पटले. तसे लिहिले तरी संदर्भ द्यावाच लागतो, यावर मात्र बराच वेळ वाद रंगला.