मोऱ्या मागे निघतात

इंदूरहून दीड तासावरच्या एका गावाच्या मलनिस्सारण योजनेचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी आधी कागदावर गणित मांडलं. तीस वर्षांनी होईल ती वस्ती धरायची असते. ती चाळीस हजार निघाली. माणशी रोज १३५ लिटर पाणी, त्यातलं ८० टक्के गटारात, म्हणजे दिवसाला सुमारे ४३ लाख लिटर. सकाळी सगळ्यांचा वापर एकदम होतो, म्हणून एवढ्या वस्तीला कमाल प्रवाह सरासरीच्या अडीचपट.

अडचण उताराची होती. २०० मिलिमीटरच्या पाइपाला २५० मीटरमागे किमान एक मीटर उतार द्यावा लागतो. गाव सपाट. दीड किलोमीटर लाइन नेली की शेवटचं चेंबर पहिल्यापेक्षा सहा मीटर खाली जातं. माळव्याची काळी माती, अरुंद रस्ते, दोन्हीकडे जुन्या भिंती. तिथे इतकं खोल खोदायचं माझं धाडस होईना. सांडपाणी वर उचलायला मी दोन पंपिंग स्टेशनं दाखवून मोकळी झाले. सीएमओ साहेबांनी, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या मुख्य अधिकाऱ्यांनी, नकाशा पाहिला आणि विचारलं, "बिजली का बिल कौन भरेगा?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

रात्री इंदूरला रामबागेतल्या घरी जेवताना आईला हे सांगत होते. ती म्हणाली, "अगं, पण त्या घरांच्या मोऱ्या पुढे निघतात की मागे?"

आमच्या स्वतःच्या घराची मोरी मागे बॅकलेनमध्ये निघते. इतकी वर्षं त्या घरात राहूनही मी सगळ्या लाइनी पुढच्या रस्त्याने आखल्या होत्या! मागची मोरी पुढे आणायची तर अख्ख्या घराची फरशी फोडावी लागेल. ते कोण करील?

मग तीन दिवस मी तिथल्या सफाई दरोगांबरोबर, म्हणजे सफाई कामगारांच्या मुकादमांबरोबर, मागच्या गल्ल्या पायी फिरले, जमिनीची उंची मोजत. रस्ते थरावर थर चढून उंच झालेले, गल्ल्या मात्र जुन्या पातळीवर आणि नाल्याकडे छान उतरत्या. कुठलं चेंबर पावसाळ्यात तुंबतं ते दरोगांना तोंडपाठ होतं. एका गल्लीत ते थांबले. तरुणपणी कंबरेला दोर बांधून त्यांना इथेच उतरवत असत, म्हणाले. उतार कमी पडला की गाळ बसतो, आणि गाळ बसला की माणूस उतरवला जातो. २०१३ चा कायदा याला बंदी घालतो, पण तुंबलेली लाइन समोर असली की कायद्याची आठवण कोण ठेवतं? पाइपात पाण्याचा वेग सुरुवातीच्या काळातही सेकंदाला ०.६ मीटर हवा, हा नियम मी कॉलेजात पाठ केला होता. तो कोणासाठी आहे, हे मला त्या गल्लीत कळलं.

आणि घरं जोडलीच नाहीत तर पाणीच कमी येणार, वेग कुठून मिळणार? म्हणून घरजोडणीचं काम त्याच निविदेत घ्या, असा मी हट्ट धरला. आमच्या ऑफिसात यावर महिनाभर वाद झाला. जोडणी घरमालकाने करायची, हीच रीत. मी इंदूरचाच दाखला दिला. २०२१ मध्ये हे देशातलं पहिलं वॉटर प्लस शहर ठरलं, म्हणजे सांडपाणी प्रक्रियेशिवाय नदी-नाल्यात न सोडणारं. त्याआधी कान्ह आणि सरस्वती या नद्यांत सुटणारी घरांची तोंडं शोधून शोधून मलवाहिनीला जोडावी लागली. मागाहून करण्यात किती त्रास असतो, तो आम्ही शेजारी राहून पाहिला आहे. शेवटी प्रत्येक घराच्या मागच्या भिंतीपर्यंत जोडणी मंजूर झाली.

नव्या आराखड्यात गल्ल्यांतून १५० मिलिमीटरचे पाइप आहेत, १७० ला एक उतार, दर ३० मीटरवर चेंबर, आणि नाल्याच्या कडेने मोठी लाइन. जेसीबी आत जात नाही, त्यामुळे हाताने खोदावं लागेल; खर्च थोडा वाढला. एक पंपिंग स्टेशन गेलं. नाल्यापलीकडच्या खोलगट वस्तीसाठी दुसरं ठेवावं लागलंच.

पावसाळा संपला की खोदाई सुरू होईल. पहिली गल्ली दरोगा थांबले होते तीच धरली आहे.