आमची वाटचाल: म्हापशातली दोन टेबले

म्हापशाच्या बाजारातून चालत आलात तर पाच-सात मिनिटांवर, एका जुन्या घराच्या तळमजल्यावर आमचे कायरोप्रॅक्टिक, म्हणजे मणक्यांवर आणि सांध्यांवर हाताने उपचार करण्याचे केंद्र आहे. पाटीवर 'डॉक्टर' लिहिलेले नाही. पाठ, मान, कंबर, खांदा एवढेच लिहिले आहे. दमा, मधुमेह, रक्तदाब मणके बसवून बरे करतो असे सांगणारे या व्यवसायात पहिल्यापासून आहेत. १८९५ साली अमेरिकेत डेव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर यांनी पहिला उपचार केला तोही बहिऱ्या माणसाला ऐकू येऊ लागले म्हणून गाजला. आम्ही त्या वाटेला गेलो नाही. कंबरदुखीवर हाताने केलेला उपचार उपयोगी पडतो आणि व्यायामाची जोड मिळाली तर अधिक टिकतो. त्यापलीकडचे वचन या दारात कधी दिले गेले नाही.

सुरुवातीची वर्षे बरी गेली. दिवसाला बारा-चौदा माणसे यायची: खाणीच्या पट्ट्यातले ट्रकवाले, हॉटेलांतले स्वयंपाकी, माडावर चढणारे पाडेली, संगणकापुढे बसणारी मुले.

मग जवळच्याच रस्त्यावर एका मालिश केंद्राने आमच्या व्यवसायाचे नाव आपल्या पाटीवर चढवले. आपल्याकडे कायरोप्रॅक्टिकला स्वतंत्र परिषद नाही, त्यामुळे पाटी कोणीही लावू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली प्रशिक्षणाची जी किमान अपेक्षा मांडली ती ४,२०० तासांची आहे, त्यात निदान १,००० तास देखरेखीखाली रुग्णांवरचे काम. त्या मालिश केंद्राला काही दिवसांचा वर्ग पुरला. टॉवेल मानेला गुंडाळायचा, हिसका द्यायचा, कट्ट आवाज मोबाइलवर टिपायचा आणि गावभर पाठवायचा. लोक आमच्याकडे येऊन विचारू लागले, तुमच्याकडे आवाज का होत नाही?

आवाजाचे सांगतो, कारण अर्धा गैरसमज तिथेच आहे. सांध्यातल्या वंगणात वायू विरघळलेला असतो. सांध्याचे दोन पृष्ठभाग झटकन दूर झाले की दाब उतरतो, पोकळी तयार होते, आवाज येतो. हाड 'जागेवर बसल्याचा' तो पुरावा नव्हे. तोच सांधा पुन्हा वाजायला साधारण वीस मिनिटे जावी लागतात. आवाज न होताही उपचार लागू पडतो आणि मोठा आवाज होऊनही दुखणे तसेच राहते.

पुढे त्या दारात मान हिसकावलेल्या एका माणसाला चक्कर, उलट्या सुरू झाल्या आणि इस्पितळात न्यावे लागले. म्हापशात बातमी फिरली की कायरोवाल्याने मान मोडली. कुठल्या दारात, हे कोणी विचारले नाही. दोन आठवड्यांत आमची नोंदवही दिवसाला तीन नावांवर आली. चवथीच्या तोंडावर दोन महिन्यांचे भाडे थकले होते. दोन टेबलांपैकी चांगले टेबल मडगावला विकावे लागले. पहिल्या दिवसापासून बरोबर असलेल्या आमच्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी पाच महिने अर्ध्या पगारावर काढले आणि एक दिवसही व्यायामाचा वर्ग चुकवला नाही. ज्या केंद्रामुळे हे झाले त्याची पाटी मात्र झगमगत राहिली. ते शल्य अजून गेलेले नाही.

आम्ही तपासणी आधीपासून करत होतो, तेव्हापासून ती कागदावर आणली. पहिल्या भेटीची चाळीस मिनिटे, त्यात हात लावायच्या आधीची पंचवीस. ताप आहे का, वजन विनाकारण उतरले का, पूर्वी कर्करोग झाला होता का, स्टेरॉइड किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का. मग टाचांवर चार पावले, चवड्यांवर चार पावले. टाचेवर पाऊल उचलत नसेल तर पायाच्या नसेकडे पाहावे लागते. उताणे निजवून पाय सरळ वर उचलायचा; तीस ते सत्तर अंशांच्या दरम्यान गुडघ्याखाली कळ गेली तर नस दबल्याचा संशय. नसांची प्रतिक्रिया पाहायला गुडघ्यावर, घोट्यामागे हातोडीची हलकी टिचकी. मानेच्या माणसाचा रक्तदाब मोजल्याशिवाय मानेला हात नाही. चक्कर, दुहेरी दिसणे, बोलताना जीभ अडखळणे, गिळायला त्रास, किंवा कधी नव्हे अशी मान-डोकेदुखी अचानक उठलेली असेल तर मानेच्या धमनीचा प्रश्न असू शकतो. तिथे हिसका म्हणजे जिवाशी खेळ. कंबरदुखीबरोबर लघवी अडली किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला तर रिक्षा थेट बांबोळीला, गोमेकॉत म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात. त्या दिवशी आम्ही पैसे घेत नाही.

प्रत्येक तपासणीचे एक पान घरच्या डॉक्टरांना जाऊ लागले. सहा बैठकांत फरक नसेल तर उपचार थांबवून परत पाठवायचे, हेही त्या पानावर असते. वर्षभराने तेच डॉक्टर माणसे पाठवू लागले.

त्या पडत्या काळात एक पायलटकाका, म्हणजे भाड्याची मोटरसायकल चालवणारे काका, मात्र हटले नाहीत. पिवळ्या-काळ्या मोटरसायकलवर दिवसभर बसून त्यांची कंबर उजवीकडे धरायची. बसस्टँडवर कंबर धरून उभा असलेला कोणी दिसला की त्याला मागे बसवून आमच्या दारात आणायचे. एकाने घाबरून विचारले तेव्हा म्हणाले, "मोडायला नव्हे रे, तपासायला नेतो." त्यांच्या दुखण्याचे एक कारण मागच्या खिशातले जाड पाकीट निघाले. दुचाकी चालवणाऱ्या सगळ्यांना सांगतो, पाकीट पुढच्या खिशात ठेवा. एक कुल्ला वर, एक खाली अशा बैठकीत आठ तास गेले तर कुठलाही उपचार टिकत नाही. पाऊण तासाने गाडी थांबवून दोन मिनिटे उभे राहा.

आता टेबलाविषयी. आमचे ड्रॉप टेबल आहे. डोके, छाती, कंबर, ओटीपोट असे त्याचे तुकडे वेगवेगळे उचलता येतात. दांडा ओढला की तुकडा इंच-अर्धा इंच वर येऊन अडकतो. वरून झटका दिला की धप्पकन खाली बसतो. खालचा आधार ऐन वेळी सुटल्यामुळे हाताला जोर कमी लावावा लागतो, म्हणून वयस्कर माणसाला हे टेबल मानवते. अर्थात हाडे ठिसूळ झालेली असतील तर तेही नाही. बाजूच्या चक्रीने ताण माणसाच्या वजनाप्रमाणे लावायचा: नुसत्या वजनाने तुकडा पडता कामा नये, तळहाताने जरा दाबताच पडला पाहिजे. ताण जास्त राहिला तर तुकडा हलत नाही आणि सगळा झटका पाठीत जातो.

गोव्याच्या हवेत हेच बिघडते. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस. स्प्रिंगला तांबेरा चढतो, दांड्याची खाच चिकटते, तुकडा अर्ध्यावर अडकतो. म्हणून प्रत्येक माणसाआधी टेबल मोकळे दोनदा पाडून आवाज ऐकायचा. घट्ट, एकच 'धप्प' हवा. खरखर आली की काम बंद. मेच्या अखेरीस खाचा रॉकेलने धुऊन ग्रीस, गणपती झाले की पुन्हा. रेक्झिन स्पिरिटने पुसू नका, सहा महिन्यांत तडे जातात आणि तड्यांत बुरशी धरते. साबणाच्या पाण्याचे फडके, मग कोरडे फडके.

नवी स्प्रिंग मागवली तर परदेशातून येईपर्यंत टेबल महिनोन्महिने पडून राहते. साखळी गावच्या एका लेथवाल्याने जुनी स्प्रिंग मोजून तारेचा व्यास, वेढे आणि लांबी तीच धरून नवी वळून दिली. पहिली जास्त कडक झाली, दुसरी बसली. ती तिसरा पावसाळा काढते आहे.

मडगावला विकलेले टेबल गेल्या मे महिन्यात आम्ही परत विकत घेतले, दिले होते त्याहून जास्त किमतीला. ओटीपोटाचा तुकडा गंजला होता. लेथवाल्याने तीच मापे काढून स्प्रिंग वळली आणि पहिल्यांदा त्यावर निजले ते पायलटकाका, पाकीट टेबलाशेजारच्या खुर्चीवर ठेवून.