नऊ पाती

27 ऑक्टोबरच्या जवळचा रविवार आला की बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या मंडळात खुर्च्या मांडायला सुरुवात होते. डाकोटा या जुन्या सैनिकी वाहतूक विमानांच्या आठवणीचा कार्यक्रम असतो. दीपप्रज्वलन, प्रार्थना, अहवाल, अध्यक्षांचे चार शब्द हे सगळं दरवर्षी होतं आणि व्हायलाच हवं. मी मात्र वाट बघत असतो काकांची.

काका हवाई दलातून निवृत्त झालेले इंजिन फिटर. डाकोटांवर त्यांचे हात काळे झाले. 'माझं नाव नको, विमानाबद्दल लिही,' अशी त्यांची ताकीद आहे, म्हणून नाव लिहीत नाही.

मंचावर विमानाच्या पंख्याची एक लाकडी प्रतिकृती उभी असते. तीन सागवानी पाती, काळा रंग, टोकं पिवळी आणि मधोमध सायकलचा हब. काका माइक घेत नाहीत. ते पंख्याजवळ जातात, तळहात पात्यावर ठेवतात आणि म्हणतात, "विमान रात्रभर उभं राहिलं की इंजिनातलं ऑइल खाली उतरतं. चौदा सिलिंडर गोलाकार बसवलेले असतात, म्हणजे खालच्या बाजूचे उलटेच. ऑइल त्यांत साचतं. हवा दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. तसाच स्टार्टर मारला तर रॉड वाकला म्हणून समजा. म्हणून आधी हातानं फिरवायचं. मोजा!"

आणि सगळं सभागृह मोजतं. एक, दोन, तीन... मध्येच काका थांबतात. "इथे जड लागलं. जोर करायचा नाही. खालचा प्लग काढायचा, ऑइल गळू द्यायचं." मग पुन्हा मोजणी, नऊपर्यंत, म्हणजे पंख्याचे तीन फेरे. नववं पातं खाली येतं तेव्हा माझा गळा दाटतो. इतकी वर्षं ऐकतोय, तरी दाटतो.

त्यानंतर ते श्रीनगरचं सांगतात. 27 ऑक्टोबर 1947 ला पहिल्या शीख बटालियनचे जवान घेऊन डाकोटा विमानं तिथल्या धावपट्टीवर उतरली. त्यांतल्या एका विमानाचा क्रमांक व्हीपी 905. तोच क्रमांक अंगावर घेऊन आज हवाई दलाचं 'परशुराम' नावाचं डाकोटा विमान उडतं. राजकीय नेते राजीव चंद्रशेखर यांचे वडील, एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर, डाकोटाचे पायलट. त्यांच्यासाठी मुलानं इंग्लंडमध्ये हे जुनं विमान पुन्हा उडतं करून घेतलं आणि दलाला भेट दिलं. एप्रिल 2018 मध्ये कॉव्हेंट्रीहून निघून टप्प्याटप्प्यानं ते भारतात आलं आणि पहिल्यांदा टेकलं ते आपल्या गुजरातेत, जामनगरला! 2022 च्या प्रजासत्ताक दिनी दोन डॉर्नियर विमानांच्या मधून ते गेलं. बांगलादेशातल्या टांगाइलचं नाव दिलेली ती रचना होती, तिथे उतरलेल्या 11 डिसेंबर 1971 च्या छत्रीधारी सैनिकांच्या आठवणीत. टीव्हीवर ते दिसताच काका उभे राहिले होते. काचेत ठेवलेलं विमान नुसतं दिसतं, म्हणतात ते, उडणाऱ्याचा आवाज पोटात लागतो.

बडोद्याचा अभिमान मी सांगतो, कारण तो भाग माझ्याकडे असतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या 124 व्या स्क्वॉड्रनला बडोद्याचं नाव होतं, गायकवाडांच्या देणगीमुळे. ती स्पिटफायर उडवायची. तिच्या बोधचिन्हावर मुंगूस. मुलं दरवर्षी मुंगूस काढतात आणि एकाचंही दुसऱ्यासारखं नसतं. आज इंग्लंडात कॉनिंग्सबीला अशा स्पिटफायर जपून उडवल्या जातात.

एक खंत मात्र लिहितोच. एका वर्षी मोजून तेवीस माणसं आली. दिवाळीची खरेदी, मंगळबाजारातली गर्दी, मला सगळं कळतं. पण मागच्या तीन रांगा रिकाम्या असताना काकांनी नऊ पाती तितक्याच जोरात मोजली, तेव्हा मला फार वाईट वाटलं. ज्यांनी 'येतो' म्हणून सांगितलं होतं, त्यांनी तरी यायला हवं होतं.

आभार मानताना कुणी राहू नये. पंखा घडवणारे सुतारदादा. हब बसवून देणारा सायकलवाला, ज्यानं पैसे घेतले नाहीत. साउंडवाला आणि त्याचा धाकटा भाऊ. पडदा लावायला शिडीवर चढणारे ड्रॉइंगचे सर. शेवउसळीचं पातेलं रिक्षात मांडीवर धरून आणणाऱ्या दोन्ही मावश्या. कांदा चिरणारी ताई, जिचं नाव गेल्या वर्षी सुटलं आणि मला रात्रभर झोप लागली नाही. खुर्च्या परत नेणारे आमच्या पोळीतले, म्हणजे गल्लीतले, मुलगे. आणि दरवर्षी शेवटचा दिवा मालवून कुलूप लावणारे भाऊ.

गेल्या वर्षी काकांचा खांदा दुखत होता. पातं फिरवायला सातवीतली एक मुलगी पुढे आली आणि काका खुर्चीत बसून मोजू लागले. सहाव्या पात्याला ती थांबली. सायकलचा हब खरंच अडकला होता. तिनं काकांकडे पाहिलं.

"काका, इथे जड लागतंय."

काका उठले. दुखरा हात त्यांनी तिच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "बरोब्बर ओळखलंस. आता जोर करू नकोस."